घटक ४ : मानवी स्मृती – साठवण, विस्मरण आणि पुनर्रचना

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हाला –
• स्मृतीच्या तीन मूलभूत प्रक्रिया सांगता येतील.
• लघुकालीन व दीर्घकालीन स्मृतीतील फरक स्पष्ट करता येईल.
• विस्मरणाचे स्वरूप व त्याची कारणे विशद करता येतील.
• आठवणे ही पुनर्रचना आहे, या विधानाची चर्चा करता येईल.
• स्वतःच्या अभ्यासपद्धतीचे परीक्षण करून तीत योग्य तो बदल करता येईल.

४.१ प्रास्ताविक



दिवसभराचे काम उरकून, घरातील सर्वांची जेवणे झाल्यावर तुम्ही पुस्तक उघडता. एखादा घटक दोनदा वाचता. वाचताना सारे समजते. महत्त्वाच्या ओळींखाली पेन्सिलीने रेघाही ओढता. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना बसमध्ये तोच घटक मनात आणू पाहता, तर दोन-चार शब्दांपलीकडे काही हाती लागत नाही. अशा वेळी पहिला विचार येतो तो असा : ‘शाळा सोडून वीस वर्षे झाली. आता आपल्या डोक्यात काही राहायचे नाही.’ या एका विचारापायी एखादा विद्यार्थी परीक्षेचा अर्ज भरण्याचेही टाळतो.

हा निष्कर्ष बरोबर आहे का, हे तपासणे हा प्रस्तुत घटकाचा हेतू आहे. या निष्कर्षाच्या मुळाशी स्मृतीविषयीची एक कल्पना दडलेली असते. स्मृती म्हणजे जणू एक कणगी. तीत ज्ञानाचे धान्य भरायचे आणि लागेल तेव्हा काढून घ्यायचे. कणगी जुनी झाली की तिला भोके पडतात आणि धान्य सांडते. ही कल्पना सोपी आहे, परंतु गेल्या सुमारे एकशेचाळीस वर्षांच्या संशोधनात ती टिकलेली नाही. स्मृतीचे खरे स्वरूप काय, आणि ते समजल्याने आपल्या अभ्यासात कोणता फरक पडतो, हे आता क्रमाने पाहू.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ स्मृतीच्या तीन प्रक्रिया

एखादी गोष्ट ‘लक्षात राहिली’ असे आपण म्हणतो तेव्हा तीन प्रक्रिया घडून गेलेल्या असतात. अनुभवाला मनात टिकेल असे रूप देणे, हे संकेतन. ते रूप काही काळ टिकवून धरणे, ही साठवण. आणि गरजेच्या वेळी ते पुन्हा जाणिवेत आणणे, ही पुनःप्राप्ती. यांपैकी कोणत्याही एका पायरीवर अडथळा आला, तरी ‘विसरलो’ असा एकच अनुभव येतो. म्हणून विसरलो असे वाटले की अडथळा नेमका कोठे आला, हा प्रश्न विचारावयास हवा.

एक छोटा प्रयोग करा. वीस रुपयांच्या नव्या, हिरवट-पिवळ्या नोटेच्या मागील बाजूस कोणते चित्र आहे? ही नोट तुमच्या हातून शेकडो वेळा गेली असेल, तरीही उत्तर चटकन येईलच असे नाही. त्या नोटेवर वेरूळच्या लेण्यांचे चित्र आहे. ते आठवले नाही, तर येथे स्मृती क्षीण झालेली नसते. त्या चित्राचे संकेतन मुळातच झालेले नसते. नोट ओळखण्यास तिचा रंग आणि आकडा पुरेसा असल्यामुळे चित्राकडे अवधान गेलेच नाही. डोळ्यांसमोरून जाणे म्हणजे लक्षात राहणे नव्हे. डोळे ओळींवरून फिरत असताना मन उद्याच्या हिशेबात गुंतले असेल, तर पुस्तकातील मजकुराचेही असेच होते.

४.२.२ लघुकालीन स्मृती

ज्याकडे अवधान जाते ते प्रथम लघुकालीन स्मृतीत येते. ही स्मृती दोन्ही अंगांनी मर्यादित आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये असे मांडले, की एका वेळी साधारण सात घटक, म्हणजे दोन कमी किंवा दोन अधिक, मनात धरता येतात. नंतरच्या संशोधकांनी ही संख्या चारच्या आसपास आणली. काळाची मर्यादाही कडक आहे. १९५९ मध्ये पीटरसन दांपत्याने केलेल्या प्रयोगात व्यक्तींना तीन व्यंजने सांगून लगेच तीन-तीन वजा करीत उलटे आकडे मोजावयास लावले. मनातल्या मनात उजळणी करण्यास वाव उरला नाही, तेव्हा अठरा सेकंदांत ती तीन अक्षरेही बहुतेक वेळा नाहीशी झाली.

या मर्यादेवर मन एका युक्तीने मात करते. पुढील आकडे एकदाच वाचून पाहा : १ ८ ५ ७ १ ९ ४ ७ १ ९ ६ ०. बारा सुटे आकडे मनात मावत नाहीत. पण १८५७ चा उठाव, १९४७ चे स्वातंत्र्य आणि १९६० ची महाराष्ट्र राज्याची स्थापना असे तीन गट पाडले, की तीच ओळ विनासायास लक्षात राहते. आकडे तेवढेच राहिले. घटक बारांचे तीन झाले. या युक्तीला गटबांधणी म्हणतात. मात्र ही गटबांधणी ज्याला या तीन सनांचा अर्थ ठाऊक आहे, त्यालाच साधते. म्हणजेच आधीचे ज्ञान हे नव्या स्मृतीचे साधन असते. हा मुद्दा पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

४.२.३ दीर्घकालीन स्मृती : हेन्री मोलेसन यांचे उदाहरण

लघुकालीन स्मृतीतील आशय दीर्घकाळ टिकतो तो कसा? या प्रश्नावर सर्वाधिक प्रकाश टाकला तो एका रुग्णाने. हेन्री मोलेसन या तरुणाला अपस्माराचे तीव्र झटके येत. १९५३ मध्ये, त्याच्या वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, अमेरिकेतील हार्टफर्ड येथे विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतील काही भाग काढून टाकला. त्यात हिप्पोकॅम्पस या भागाचाही मोठा अंश होता. झटके कमी झाले, बुद्धी शाबूत राहिली. परंतु त्या दिवसानंतर घडलेले जवळजवळ काहीच त्याच्या स्मरणात राहीना. नुकतीच भेटलेली व्यक्ती खोलीबाहेर जाऊन परत आली, की ती त्याला अनोळखी वाटे. बालपणीच्या गोष्टी मात्र तो सांगू शके.

मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांनी त्याला आरशात पाहून एका तारकेच्या दुहेरी रेषांमधून पेन्सिल फिरविण्यास सांगितले. तीन दिवसांच्या सरावात त्याच्या चुका कमी होत गेल्या. पण हे काम आपण पूर्वी केले आहे, हे त्याला एकदाही आठवले नाही. हाताला आठवत होते, त्याला नव्हते.

यावरून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. एक, नव्या घटना व तथ्ये दीर्घकालीन स्मृतीत रुजविण्यासाठी हिप्पोकॅम्पस आवश्यक आहे. परंतु फार जुन्या आठवणी केवळ त्यावर अवलंबून नसतात. दोन, स्मृती एकजिनसी नाही. घटनांची स्मृती, शब्दार्थांची व सामान्य ज्ञानाची स्मृती आणि सायकल चालविणे, भाकरी थापणे यांसारख्या कौशल्यांची स्मृती असे तिचे भिन्न प्रकार आहेत.

पेशींच्या पातळीवर काय घडते, हे एरिक कँडेल यांनी एका सागरी गोगलगायीच्या अभ्यासातून दाखविले. या संशोधनासाठी त्यांना २००० सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. एक चेतापेशी दुसरीशी जेथे जोडली जाते ती चेतासंधी शिकण्यामुळे अधिक सक्षम होते. दीर्घकालीन स्मृतीसाठी नवी प्रथिने तयार व्हावी लागतात आणि नवे जोड वाढतात. म्हणजे शिकणे हा मेंदूतील प्रत्यक्ष शारीरिक बदल आहे, आणि त्याला वेळ लागतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(मागची पाने न उलटता, वहीत उत्तरे लिहा.)
१. स्मृतीच्या तीन प्रक्रिया कोणत्या?
२. गटबांधणी म्हणजे काय?
३. आरशातील तारकेच्या प्रयोगातून कोणता निष्कर्ष निघाला?

४.२.४ विस्मरण

विस्मरणाचे पहिले शास्त्रशुद्ध मापन जर्मन संशोधक हर्मन एबिंगहाउस यांनी केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. प्रयोगकर्ते तेच आणि प्रयोगव्यक्तीही तेच. पूर्वज्ञानाचा आधार मिळू नये म्हणून त्यांनी सुमारे २,३०० निरर्थक पदे तयार केली, त्यांच्या याद्या पाठ केल्या आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करण्यास किती श्रम वाचतात, हे मोजले. वीस मिनिटांनंतर ही बचत ५८ टक्के होती, एका दिवसानंतर ३४ टक्के आणि ३१ दिवसांनंतर २१ टक्के.

हे आकडे नीट पाहा. सर्वांत मोठी घसरण पहिल्या काही तासांतच होते. पुढे ती मंदावते. वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी बरेचसे न आठवणे, हा विस्मरणाचा सर्वसाधारण क्रम आहे. एबिंगहाउस तेव्हा तिशीत होते, हेही ध्यानात घ्या. शिवाय महिन्यानंतरही बचत शून्य झालेली नाही. जे पूर्णपणे पुसले गेले असे वाटते, ते दुसऱ्यांदा शिकताना कमी श्रमांत येते.

अनेकदा आशय टिकलेला असतो, केवळ त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट सापडत नाही. नाव अगदी जिभेवर असते, पण येत नाही. आणि कोणी पहिले अक्षर सांगितले की क्षणात येते. एंडेल टलव्हिंग आणि झीना पर्लस्टन यांनी १९६६ मध्ये काही व्यक्तींना वर्गवार शब्दांच्या याद्या दिल्या. नंतर ज्यांना वर्गांची नावे सुचविली, त्यांना इतरांहून अधिक शब्द आठवले. असे सूचक धागे पुनःप्राप्तीस आवश्यक असतात. ‘जात्यावर बसले की ओवी सुचते’ ही आपली म्हण हेच सांगते. जात्याची घरघर, हाताची लय आणि पहाटेची वेळ हे ओवीचे सूचक धागे होते.

४.२.५ आठवणे म्हणजे पुनर्रचना

मग आठवण सापडते तेव्हा ती जशी ठेवली तशीच सापडते का? केंब्रिज येथील फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचे उत्तर नकारार्थी दिले. त्यांनी इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक अपरिचित लोककथा वाचावयास दिली आणि काही काळाने ती लिहून काढण्यास सांगितले. कथा लहान होत गेली. अपरिचित तपशील गळले किंवा ओळखीचे झाले; वल्ह्याच्या डोंगीची साधी होडी झाली. वाचकांनी आपल्या संस्कृतीच्या साच्यात कथा नव्याने रचली होती, आणि आपण मूळ कथाच सांगत आहोत, असे त्यांना वाटत होते.

१९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी काही विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखविली. मोटारी एकमेकींवर ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता, असा प्रश्न काहींना विचारला. इतरांना त्याऐवजी ‘धडकल्या’ असा सौम्य शब्द वापरून विचारला. एका आठवड्याने सर्वांना विचारले : फुटलेली काच दिसली का? काच फुटलेलीच नव्हती. तरीही तीव्र शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी, तर सौम्य शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी ७ जणांनी ती पाहिल्याचे सांगितले. प्रश्नातला एक शब्द आठवणीत मिसळून गेला होता.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. आत्मचरित्र वाचताना लेखकाची आठवण आणि प्रत्यक्ष घटना यांत अंतर दिसले, तर त्याचा अर्थ लेखक खोटे बोलतो असा होत नाही. आठवणारी व्यक्ती आजच्या जागेवरून भूतकाळाची मांडणी करीत असते. लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मकथनाचे ‘स्मृतिचित्रे’ हे नाव या दृष्टीने सार्थ आहे. चित्र हे काढावे लागते.

४.२.६ वाचनाचा आभास आणि आठवण्याचा सराव

आठवण प्रत्येक वेळी नव्याने रचली जात असेल, तर त्या रचण्याचाही सराव होऊ शकतो. या घटकातील सर्वांत उपयुक्त निष्कर्ष येथून निघतो.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात केलेला प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा न पाहता, आठवेल ते कागदावर लिहिले. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत वाचणारा गट पुढे होता : त्यांना ८३ टक्के आशय आठवला, तर लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्यानंतर चित्र उलटले. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आणि पुढे आपल्याला सर्वाधिक आठवेल, असा अंदाज वाचणाऱ्या गटानेच केला होता.

ज्याने आत्मविश्वास वाढतो आणि ज्याने स्मृती दृढ होते, त्या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ही ओळख म्हणजेच ज्ञान, असा भ्रम होतो. परीक्षेत मात्र ओळखावयाचे नसते. कोऱ्या पानावर आठवून लिहावयाचे असते. उलट, पुस्तक मिटून आठवताना अडखळायला होते, वेळ लागतो, आपण मागे पडलो असे वाटते. आणि त्याच अडखळण्यातून पुढच्या वेळची वाट तयार होते.

या सरावाला अंतराची जोड द्यावी. एबिंगहाउस यांनाच असे आढळले होते, की एकाच दिवशी सलग ६८ आवर्तने करून जो लाभ होतो, तोच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनी होतो. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री सहा तास बसण्यापेक्षा तेच सहा तास काही आठवड्यांत विभागणे हिताचे. झोपेत कपातही करू नये. जेनकिन्स आणि डालेनबाख यांनी १९२४ मध्येच दाखविले होते, की पाठांतरानंतर जागे राहण्यापेक्षा झोप घेतल्यास विस्मरण कमी होते.

आता एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. या पुस्तिकेत ठिकठिकाणी येणारे स्वयं-अध्ययनासाठीचे प्रश्न कित्येक विद्यार्थी वेळ वाचविण्यासाठी ओलांडून जातात, किंवा थेट उत्तरे वाचतात. वास्तविक ते प्रश्न सोडविणे, हाच अभ्यासाचा सर्वाधिक फळ देणारा भाग आहे. मागचे तीन प्रश्न तुम्ही वाचून पुढे आला असाल, तर आता पुस्तिका मिटा आणि ते सोडवा.

४.२.७ वय आणि स्मृती

आता प्रास्ताविकातील प्रश्नाकडे वळू. वयाचा परिणाम होतच नाही, असे म्हणणे खरे नाही. वाढत्या वयात विचारप्रक्रियेचा वेग मंदावतो. परस्परांशी संबंध नसलेली नवी माहिती आधाराविना आठवणे अधिक अवघड जाते. मात्र शब्दसंपदा आणि सामान्य ज्ञान चांगले टिकते व साठीपर्यंत बहुधा वाढतही राहते. पाहिलेले ओळखण्याची क्षमता आठवण्याच्या क्षमतेहून कमी घटते. स्वतःची चाचणी घेणे आणि अंतराने उजळणी करणे यांचा लाभ प्रौढांनाही होतो.

बुद्धिबळपटूंवरील एक अभ्यास येथे उद्बोधक आहे. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये दाखविले, की खऱ्या डावातील मांडणी काही सेकंद पाहून निष्णात खेळाडूला ती नवशिक्यापेक्षा खूपच अधिक आठवते; पण सोंगट्या वाटेल तशा मांडल्या, की हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. निष्णाताची स्मृतीच मुळात मोठी नसते. त्याच्याजवळ जोडण्याजोगे ज्ञान अधिक असते. ज्याने शेतीचे कर्ज काढले आहे, रुग्णालयात रात्रपाळी केली आहे, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ओव्या ऐकल्या आहेत, त्याच्याजवळ ग्रामीण साहित्यातील व्यक्तिरेखा किंवा लोकगीते जोडावयास विशीतल्या विद्यार्थ्यापेक्षा अधिक धागे असतात. ते वापरणे आपल्या हाती आहे.

अर्थात, नेहमीचा रस्ता चुकणे, थोड्याच वेळात तोच प्रश्न पुन:पुन्हा विचारणे, रोजचे व्यवहार न जमणे, अशी लक्षणे दिसल्यास ती वयाची म्हणून सोडून न देता वैद्यकीय सल्ला घ्यावा. काल वाचलेला घटक आज न आठवणे हे त्यांपैकी लक्षण नव्हे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
१. एबिंगहाउस यांनी निरर्थक पदे का निवडली?
२. पुन्हा पुन्हा वाचल्याने कोणता भ्रम निर्माण होतो?
३. बुद्धिबळाच्या प्रयोगाचा प्रौढ विद्यार्थ्यासाठी कोणता अर्थ आहे?

४.३ सारांश

संकेतन, साठवण व पुनःप्राप्ती या स्मृतीच्या तीन प्रक्रिया होत. लघुकालीन स्मृती मर्यादित असून गटबांधणीने तिचा उपयोग वाढतो. दीर्घकालीन स्मृतीचे अनेक प्रकार आहेत. ती चेतासंधींतील बदलांवर आधारलेली आहे. विस्मरण आरंभी वेगाने होते आणि नंतर मंदावते. ते नेहमीच आशय पुसला गेल्याचे लक्षण नसते. आठवणे ही पुनर्रचना असल्यामुळे तीत चुका शिरतात, आणि त्याच कारणाने सरावाने ती दृढही होते. स्मृतीला उपमाच द्यावयाची, तर ती कणगीची न देता रानातल्या पायवाटेची द्यावी. वापर थांबला की पायवाटेवर गवत चढते. पावले पडत राहिली की ती रुळते. दुसऱ्या दिवशी घटक आठवला नाही, तर वाटेवरून अजून पुरेशी पावले गेलेली नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

४.४ पारिभाषिक संज्ञा

अवधान : जाणीव एखाद्या विषयावर केंद्रित करणे.
चेतासंधी : दोन चेतापेशींमधील जोडाचे स्थान.
हिप्पोकॅम्पस : नव्या घटना व तथ्यांची स्मृती रुजविण्यास आवश्यक असा मेंदूचा भाग.
सूचक धागा : आठवण जाणिवेत आणण्यास साहाय्य करणारा शब्द, स्थळ वा प्रसंग.

४.५ स्वयं-अध्ययनासाठीच्या प्रश्नांची उत्तरे
(स्वतःची उत्तरे लिहून झाल्यावरच पाहावीत.)

प्रश्न – १ : (१) संकेतन, साठवण, पुनःप्राप्ती. (२) सुट्या घटकांचे अर्थपूर्ण गट करणे. (३) कौशल्यांची स्मृती ही घटनांच्या स्मृतीहून भिन्न आहे.
प्रश्न – २ : (१) पूर्वज्ञानाचा आधार मिळू नये म्हणून. (२) मजकूर ओळखीचा वाटणे म्हणजेच तो येणे, असा भ्रम. (३) अनुभवातून आलेले ज्ञान नवा आशय लक्षात ठेवण्यास साहाय्य करते.

४.६ उपक्रम

हा घटक वाचून झाल्यावर पुस्तिका मिटा आणि एका कोऱ्या पानावर दहा मिनिटे, आठवेल ते लिहा. नंतर घटकाशी ताडून पाहून राहिलेले मुद्दे वेगळ्या रंगाने भरा. हेच उद्या, चार दिवसांनी आणि दोन आठवड्यांनी नव्या पानावर करा. चारही पानांवर तारखा घालून ती जपून ठेवा. पहिले पान आणि चौथे पान शेजारी ठेवून पाहाल, तेव्हा आपल्या डोक्यात काही राहते की नाही, याचे उत्तर तुमच्याच हस्ताक्षरात तुमच्यासमोर असेल.